अकरावा चौकोन

दर दुसऱ्या गुरुवारी पावणेतीनला
मी गाडी उभी करतो आउनेच्या टपालपेटीपाशी.
नोव्हेंबर सरता सरता तेव्हाच काळोख झालेला असतो.
आत तीन हजार पुस्तकं, एक कुरकुरता हीटर,
आणि मी: ड्रायव्हरही, ग्रंथपालही,
पगार मात्र एकाचाच.

ती येते पायानं रेटायची घसरगाडी घेऊन,
पुढच्या फळीवर पुस्तकं दोरीनं आवळलेली.
चाळीस वर्षं डेअरीत दुधाचं फॅट मोजलं तिनं.
तिथलीच एक कोरी वही आता कामी येते:
वर्षाला एक पान, पानावर बारा चौकोन.

एक खून, शेवटपर्यंत मला चकवणारा.
एक प्रवास, जिथे माणसं सावली शोधतात.
एक आत्मचरित्र, मला न आवडणाऱ्या माणसाचं.
एक पुस्तक, जे आजवर कुणीच नेलं नाही.

(ते मी शोधून दिलं. शेवाळावरचं होतं.
चोवीस वर्षांत एकही शिक्का नाही.
तिनं परत केलं आणि म्हणाली, लोक वेडे आहेत.)

पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, स्पर्धा कुणाशी?
म्हणाली, कुणाशी म्हणजे? माझ्याशीच.
ती बाई फार आळशी आहे.

भयकथा तिनं सौनात बसून वाचली.
पानं सुटून आली, दंड निमूट भरला.
विज्ञानकथेतलं यानाचं गणित
पेन्सिलीनं दुरुस्त केलं, ते मी खोडत बसलो.
प्रेमकथेवर एकच शेरा: इतकं बोलतं का कुणी?

अकरावा चौकोन कवितेचा.
तिथे मात्र तिचं घोडं पेंड खायचं.
एकच पातळ संग्रह नऊ वेळा मुदत वाढवून नेला,
आणि दर वेळी त्यानं तिच्या तोंडाला पानं पुसली.
ओळ संपते तिथे मी थांबते, ती म्हणायची,
मग थांबलेलीच राहते. ह्याला काय वाचणं म्हणायचं?
मी म्हटलं, बघतो विचारून.
कुणाला विचारणार होतो, देव जाणे.

गेल्या जानेवारीत, उणे एकतीस असताना,
डिझेल गोठलं आणि गाडी तिच्या दारातच बसली.
ओढून नेणारा ट्रक इवालोहून यायचा, दोन तास.
घरात चल म्हणाली. गाडी सोडायची नाही, असा नियम.
मग थर्मास घेऊन तीच आली,
माझ्यासमोर उलट्या क्रेटवर बसली.
तू वाच, म्हणाली, तो पातळ संग्रह पुढे करत.
मी ऐकते. ऐकलेलं धरतात ना मोजायला?

आता सांगायलाच हवं.
ह्या गाडीतलं एकही पुस्तक मी पुरतं वाचलेलं नव्हतं.
मिठागरात राबणारा आळणी माणूस मी.
टॉर्च दातांत धरता येईना, तो तिनं धरला.

एका विहिरीवरची कविता होती, बारा-तेरा ओळींची.
मी धडपडत वाचली, नको तिथे श्वास घेतला.
पुन्हा, ती म्हणाली.
पुन्हा वाचली.
पुन्हा.
चौथ्या खेपेला विहिरीत खाली काहीतरी हललं,
किंवा टॉर्च धरलेला तिचा हात.
ट्रकचे दिवे काचेवर पडले होते, ते दोघांनाही दिसले नाहीत.
ट्रकवाला दार ठोकत होता, शिव्या घालत होता.

चौकोनात तिनं बरोबरची खूण केली नाही.
अर्धी रेघ ओढली. म्हणाली, अर्धी तुझी.
मग वहीतलं एक कोरं पान टर्रकन फाडलं,
गुडघ्यावर धरून बारा चौकोन आखले,
पहिल्यात लिहिलं:
गाडीतलं एक पुस्तक. कुठलंही. अख्खं.

आता मार्च आहे, पावणेतीनला लख्ख ऊन.
मी त्या खुनाच्या दोनशे सातव्या पानावर आहे.
तिचा थांबा आला की पुस्तक सीटखाली सरकवतो,
तरी तिला कळतंच.

सापडला का खुनी?
नाही.
सांगू?
खबरदार, मी म्हणतो,
आणि शिक्का चुकून माझ्याच अंगठ्यावर उमटतो.